वासुदेवाच्या झग्याखाली बहिर्जी : मित्रासाठी वेषांतराचा पोशाख घरी शिवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेत मित्र शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक होतोय. प्रसंग 1659 मधला, अफझलखानाची छावणी वाईला पडलेली. बहिर्जी वासुदेवाच्या वेषात येतो, गातो, माहिती काढतो आणि शेवटी प्रेक्षकांसमोरच तो वेष उतरवून स्वतःच्या रूपात उभा राहतो. ड्रेपरीवाल्याकडचा भाड्याचा अंगरखा त्याला काखेत धरतो. मित्राची छाती 42, उंची पाच फूट नऊ इंच. घरी साधं शिवणयंत्र आहे, तुम्हाला ब्लाऊज आणि परकर शिवता येतात, हाताशी चार आठवडे आहेत. जमेल का?

जमेल. ब्लाऊजची काख ज्याला नीट बसवता येते त्याला झगा अवघड नाही. फक्त सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा : हा पोशाख घालण्यासाठी शिवायचा नाही, उतरवण्यासाठी शिवायचा आहे. लोकांना वर्षभर लक्षात राहील ती झगा खाली पडण्याची घटका. लेस, जर, टिकल्या यांच्यात एक संध्याकाळही घालवू नका. तो वेळ काखेला आणि पुढच्या उघडीला द्या.

आधी रंगाचं बोलते, कारण कापड आणायला तुम्ही याच आठवड्यात जाल. वासुदेवाचा झगा पांढरा असतो. त्याखाली बहिर्जीची बाराबंदी, म्हणजे बारा बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा. तीही आपल्या डोळ्यांसमोर पांढरीच येते. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणारी माणसं आजही पांढऱ्या बाराबंदीत असतात, आणि खरी बाराबंदी अंगावर कशी पडते हे पाहायला त्या मिरवणुकीचे फोटो फार उपयोगी आहेत. पण तुमच्या नाटकात पांढऱ्याखालून पांढरं निघालं तर दहाव्या रांगेतल्या आजोबांना काही घडलं हेच कळणार नाही. म्हणून आतली बाराबंदी गडद घ्या. गेरूच्या किंवा काथाच्या छटेची जाडसर खादी उत्तम. वरच्या झग्याला पांढरं कॅम्ब्रिक किंवा मऊ मांजरपाट. साटीन, पॉलिस्टर नको. दिव्याखाली ते चकाकतं, अंगाला चिकटतं, आणि सतराव्या शतकातला माणूस त्यात दिसत नाही.

44 इंच पन्हा (कापडाची रुंदी) धरला तर झग्याला साडेचार मीटर आणि बाराबंदीला तीन मीटर घ्या. हिशोब थोडा सढळ ठेवलाय, कारण सुती कापड पाण्यातून काढल्यावर आटतं. आणल्या दिवशीच भिजवा. गणपतीच्या आधीची हवा तुम्हाला माहीत आहे, जाड खादी दोन-दोन दिवस ओलसर राहते. शिवणाच्या आठवड्यात भिजवायला काढलंत तर वेळापत्रक तिथेच कोलमडेल.

पांढऱ्या कापडाला कापण्याआधी चहाचं पाणी द्या. नवं पांढरं कापड रंगमंचाच्या उजेडात डोळ्यांवर येतं आणि नटाचा चेहरा त्यापुढे काळवंडतो. साधी चहा पावडर भरपूर पाण्यात उकळून गाळा, कापड आधी साध्या पाण्यात ओलं करून मग त्यात बुडवा आणि पंधरा-वीस मिनिटं सतत हलवत राहा. हात थांबला की डाग पडतात. ओलं कापड वाळल्यापेक्षा गडद दिसतं, म्हणून कोपऱ्याचा तुकडा कापून इस्त्रीने वाळवून रंग बघा, मगच सगळं बाहेर काढा. दोरा रंगवलेल्या कापडाला लावूनच विकत घ्या. पांढरा पॉलिस्टर दोरा चहा घेत नाही आणि प्रत्येक शिलाई वेगळी उठून दिसते. चुडीदार शिवत बसू नका. सुती, पांढरी, एक माप मोठी तयार आणा, तीही याच पाण्यातून काढा, आणि बैठकीच्या शिलाईवर आतून दुसरी टीप मारा.

आता माप. मित्र म्हटल्यावर आपण टीशर्टवरून भराभर फीत फिरवतो. तसं नको. छाती, कंबर, तीरा (खांद्याची रुंदी) ही मापं घ्याच, शिवाय तीन मापं अशी घ्या जी ब्लाऊजला लागत नाहीत. एक, दोन्ही हात डोक्यावर उचललेले असताना कंबरेपासून काखेतून मनगटापर्यंत. दुसरं, मूठ आवळून पंजाचा सर्वांत रुंद घेर. आणि तिसरं, कपाळाचा घेर, पण डोक्याला रुमाल बांधलेला असताना. वासुदेवाची टोपी काढल्यावर खाली काय दिसणार याचा विचार बहुतेक जण करत नाहीत. खाली आजच्या पद्धतीने कापलेले केस दिसले तर सगळा परिणाम गेला. टोपीखाली घट्ट बांधलेला काळपट रुमाल ठेवा, टोपी उतरली की तोच बहिर्जीचा. रुमालामुळे घेर सुमारे इंचभर वाढतो, टोपी त्या मापाची करा.

भाड्याचा अंगरखा काखेत का धरतो? कारण तो बहुतेक वेळा शर्टासारखा कापलेला असतो : खोल मुंढा (बाही जोडायची काखेची गोलाई) आणि त्यात बसवलेली गोल बाही. हात खाली असताना छान दिसतो. हात वर गेला की मुंढा अख्खा अंगरखा वर ओढतो, पोट उघडं पडतं. जुन्या अंगरख्यात मुंढ्याची गोलाई नसते. पाठ सरळ, बाही सरळ, आणि काखेत बसवलेला चौकोनी तुकडा. सगळी मोकळीक त्या तुकड्यात असते.

हा तुकडा कसा बसवायचा ते नीट सांगते, कारण पहिल्यांदा करणारे इथेच अडतात. पाच इंच बाय पाच इंचाचा चौकोन कापा, चारी बाजूंना अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं कापड) गेली की चार इंच उरतो. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर, कडांपासून अर्धा इंच आत, पेन्सिलने ठिपका द्या. आधी बाही खांद्याला जोडा. जोडताना दोन्ही टोकांना काखेच्या बाजूचं साडेचार इंच मोकळं सोडा. आता चौकोनाची एक कड बाहीच्या कडेला जोडा, पण शिलाई ठिपक्यावर सुरू करून ठिपक्यावरच थांबवा. कापडाच्या टोकापर्यंत गेलात तर कोपरा गोळा होणार. सुई ठिपक्यात रोवलेली असतानाच दाबपट्टी उचला, कापड वळवा, शेजारची कड अंगाच्या कडेला लावा. चारही बाजू झाल्या की बाहीची आणि कुशीची शिलाई एका दमात मारा. तुकडा काखेत चौकटच्या पानासारखा तिरका बसला पाहिजे. तिरका बसल्यामुळे हात उचलला की ताण कापडाच्या तिरप्या अंगावर येतो, आणि तिरपं सुती कापड थोडं लवतं. म्हणूनच चार इंचांचा तुकडा एवढी मोकळीक देतो. पहिला प्रयोग जुन्या चादरीवर करा. दुसऱ्या काखेपर्यंत हात बसलेला असेल.

बाराबंदीचं माप असं धरा : तयार छाती 50, म्हणजे पाठ 26 इंच कापायची आणि पुढचे दोन भाग साडेतेरा-साडेतेरा. लांबी खांद्यापासून 29, खाली दुमडपट्टीला इंच-दीड इंच वेगळं. पुढच्या प्रत्येक भागाला एक निमुळती पट्टी जोडा, गळ्यापाशी दोन इंच आणि खाली दहा. त्यामुळे एक पल्ला दुसऱ्यावर पूर्ण जातो आणि वाकलं तरी छाती उघडी पडत नाही. बंद बारा, म्हणजे सहा जोड्या. दोन इंच रुंदीची पट्टी चार पदरी दुमडून अर्ध्या इंचाचा बंद करा, तयार लांबी दहा इंच. बंद जिथे जोडाल तिथे आतून कापडाचा छोटा चौकोनी तुकडा ठेवा आणि वरून चौकोन व त्यात फुली अशी टीप मारा. तालमीत बंद ओढले जातात, आणि आधार नसेल तर बंद सुटत नाही, कापडच फाटतं.

पल्ला कोणत्या बाजूला बांधायचा हे मात्र मनाने ठरवू नका. मुघलकालीन पोशाखात एक ठळक संकेत दिसतो : हिंदू जाम्याचे (लांब अंगरख्याचे) बंद डाव्या काखेखाली बांधत आणि मुसलमान उजव्या. म्हणजे बहिर्जीच्या बाराबंदीचा वरचा पल्ला उजवीकडून येऊन डावीकडे बांधला गेला पाहिजे, झगाही त्याच बाजूला झाकला गेला पाहिजे. हेराच्या गोष्टीत या तपशिलाला वजन आहे. पुढच्या वर्षी त्याला फकिराच्या वेषात आणायचं ठरलं, तर पल्ला उलटा करायला विसरू नका. छावणीच्या दारावरच्या पहारेकऱ्याला तेवढ्यानेही संशय आला असता. तुमच्या लेखकमंडळींना हे सांगा, त्यावर एखादं वाक्य सुचेल.

आता झगा. अंगाचा भाग बाराबंदीसारखाच, फक्त पुढची निमुळती पट्टी आणि बंद नाहीत, छाती दोन इंच जास्त म्हणजे 52, आणि लांबी कंबरेपर्यंत 18. कंबरेखाली आठ कळ्या, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असे तुकडे. प्रत्येक कळी कापताना वर साडेसात इंच, खाली 17, उंची साडेअठ्ठावीस. माया गेल्यावर कंबर 52 आणि खालचा घेर 128 इंच मिळतो. कळ्या एक सुलटी, एक उलटी अशा मांडल्या तर 44 च्या पन्ह्यात तीन सहज बसतात. दोन कळ्यांमधली पुढची शिलाई उघडी सोडा, तिथून झगा उघडणार आहे. कळ्या जोडल्यावर झगा खुंटीला एक दिवस टांगून ठेवा. तिरप्या कडा स्वतःच्या वजनाने उतरतात, कुठे अर्धा इंच, कुठे दीड. उतरून झाल्यावरच मित्राला घालायला लावून, जमिनीपासून पट्टीने मोजून, खालची कड सारखी करा. पायात जे असेल ते घालूनच मोजा. कड घोट्याच्या बरीच वर, पोटरीपर्यंत राहू द्या, वासुदेव गिरकी घेतो.

बाहीचं मनगट मोकळं हवं. मुठीचा घेर 11 असेल तर बाहीचं टोक 13. चुडीची बाही सुंदर दिसते पण उतरवताना हातात अडकते आणि उलटी होते. शिवाय सुती कापड सुती कापडाला धरून बसतं. झग्याच्या बाह्यांना आणि पाठीच्या वरच्या भागाला आतून गुळगुळीत अस्तर लावा. साटीन इथे, आतल्या बाजूला, कामाचं. अस्तर असलेला झगा खांद्यावरून नुसता सरकतो. अस्तराशिवाय तोच झगा पाठीवर गोळा होतो आणि नट धडपडतो.

पुढची उघडी कशी बंद ठेवायची? वेल्क्रो सुचेल, पण ते टाळा. त्याचा फर्रकन आवाज माईकमधून शेवटच्या रांगेपर्यंत जातो आणि लोक हसतात. टिचबटणं चालतात, पण एखादं अडकलं की कापड फाटतं. माझा भरवसा फासे (डोरीची छोटी वेटोळी) आणि तारेवर आहे. ब्लाऊजच्या पाठीला लावतो तशी बारीक, न ताणणारी डोरी घ्या आणि पाव इंचाचे फासे करा. उजव्या कडेला दर दोन इंचांवर एक, डाव्या कडेलाही दर दोन इंचांवर एक, पण डाव्याची सुरुवात एक इंच खाली. म्हणजे दोन्ही कडा जुळवल्या की फासे आलटून पालटून एका ओळीत येतात. त्यांतून एक सरळ तार वरून खाली घालायची, बिजागरीत खिळा घालतात तशी. तार ओढली की दोन्ही पल्ले सुटे.

तार म्हणून गवत कापायच्या यंत्रात घालतात ती गोल, जाड नायलॉनची तार हार्डवेअरच्या दुकानातून आणा. ती वाकते, पण मोडत नाही आणि फाशांतून घसरते. वरचं टोक पॉलिश पेपरने गोल घासा. ते मेणबत्तीवर वितळवू नका, गुठळी होते आणि नेमकी शेवटच्या फाशात अडकते. खालच्या टोकाला बोट जाईल एवढी कडी बांधा. ही कडी गिरकीत आपोआप घसरू नये म्हणून कंबरेपाशी एकेरी सुती दोऱ्याचा एकच कच्चा टाका घाला. झटका दिला की दोरा तुटतो. हा टाका प्रत्येक तालमीआधी नव्याने घालावा लागेल. फासे दिसू नयेत म्हणून उजव्या पल्ल्याला दोन इंचांची झाकणपट्टी लावा, ती डावीकडे झाकते आणि वर सांगितलेला संकेतही पाळला जातो. वासुदेवाचा कमरेचा शेला वेगळा बांधू नका. तो आधीच चुण्या घालून झग्याच्या पाठीला आणि कुशींना शिवून टाका, पुढची दोन टोकं त्याच तारेच्या शेवटच्या फाशांत घ्या, आणि कडी शेल्याच्या चुणीत लपवा. एका ओढीत झगा आणि शेला दोन्ही सुटतात.

सगळे फासे लावण्याआधी दोन्ही कडा एकमेकींवर ठेवून खुणा जुळवा. फासा कडेत आणि आतल्या पट्टीत दाबूनच शिवा, वरून चिकटवलेला फासा पहिल्याच ओढीला निघतो. सुई 14 नंबरची ठेवा. शेला, फासे आणि कळ्यांची शिलाई एकत्र येते त्या जाडीवर 16 ची सुई लावा आणि तेवढ्या जागी चाक हाताने फिरवा.

टोपीबद्दल थोडं. जाड पुठ्ठ्याचा शंकू, उंची बारा ते चौदा इंच, आतून घाम टिपायला सुती पट्टी, हनुवटीखाली नाडी नको, कारण टोपी एका हाताने निघाली पाहिजे. मोरपिसं थेट पुठ्ठ्याला चिकटवली की तालमीत गळतात. पिसांचे दांडे आधी सुती नाडीवर जवळजवळ टाचून घ्या आणि मग नाडी शंकूला गुंडाळा, वरून खाली. पिसं वर तोंड करून उभी असतात, म्हणून सर्वांत वरची रांग आधी. खालच्या रांगेची पिसं तिचे दांडे झाकतात. अगदी खालचे दांडे लाल पट्टीखाली जातात. टोकाला पितळी रंगाचा छोटा कळस.

मग दिग्दर्शकाकडे जा, आणि पोशाख पूर्ण व्हायच्या आधी जा. झग्यावरून आडवी झोळी अडकवलेली असेल तर झगा पडणारच नाही. वासुदेवाने टाळ, चिपळ्या झोळीत ठेवून झोळी खाली ठेवण्याची काहीतरी हालचाल संहितेत हवी. मग डाव्या हाताने टोपी, उजव्या हाताने कडी, दोन्ही खांदे मागे, हात खाली, आणि एक पाऊल पुढे. झगा पुढून उघडतो म्हणून मागे पडतो, त्यामुळे पाऊल पुढेच टाकायचं. मागे टाकलं तर पाय घेरात अडकतो. बाराबंदीवर कमरेला आधीच लाल शेला सपाट गुंडाळून ठेवा, गाठ न मारता, टोक आत खोचून. गाठीचा उंचवटा झग्यातून दिसतो. कट्यार अंगावर लपवू नका. मूठ अस्तरात अडकते, आणि कट्यार खोटी असली तरी टोक लागतं. ती झोळीतच ठेवा, झगा पडल्यावर त्याने वाकून काढावी. प्रसंगात पणती किंवा मशाल असेल तर ती झग्याच्या घेरापासून चांगली दूर मांडायला सांगा, 128 इंचांचं सुती कापड गिरकीत कुठवर जातं ते फिरवून दाखवल्याशिवाय कुणाला पटत नाही.

चार आठवड्यांची विभागणी माझ्या मते अशी असावी की तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस झगा अंगावर असेल, खालची कड नुसती टाचलेली असली तरी. फिटिंगला मित्राला आरशासमोर उभं करू नका. आरशासमोर माणूस ताठ उभा राहतो आणि सगळं छान बसतं. त्याला संवाद म्हणायला लावा, गिरकी घ्यायला लावा, मांडी घालून बसवा, काठी फिरवू द्या. मित्र असल्यामुळे तो भिडेने 'ठीक आहे' म्हणेल. तुम्ही त्याच्या हाताकडे बघा. बोलता बोलता हात गळ्यापाशी किंवा काखेत गेला की तिथे कापड धरतंय. लगेच खडूने खूण करा, पुन्हा विचारू नका.

वेष उतरवण्याची तालीम पोशाखासकट करायची, आणि ती सुटी, पंखा बंद करून, अंगाला घाम आलेला असताना. कोरड्या अंगावर सरकणारं अस्तर घामाने चिकटू शकतं. तसं झालं तर बाराबंदीची बाही मनगटाशी घट्ट करा, म्हणजे बाही वर चढत नाही आणि झग्याला सुटायला कोरडं कापड मिळतं.

प्रयोगाच्या दिवशी विंगेत एका माणसाकडे हे सामान द्या : दुसरी तयार तार, सुई-दोरा ओवलेला, चार सेफ्टी पिना, छोटी कात्री. तार पुन्हा ओवायला सवय झाल्यावरही पाचेक मिनिटं लागतात, म्हणून त्या संध्याकाळी दोन प्रयोग असतील तर मधल्या वेळात हे काम कुणाचं ते आधी ठरवा. ओवताना झगा मित्राच्या अंगावर असू दे, टेबलावर ओवून मग डोक्यातून घातला की वरचे दोन फासे हमखास निसटतात. झगा एखादा इंच आखूड करावासा वाटला किंवा मित्राचं वजन बदललं तर कळवा, कळ्यांच्या मायेत तेवढी जागा आहे.